मोर्चा कुठे न्यायचा?

नवी मुंबईत वाढलेल्या माणसाला मोर्चाचे पत्ते पाठ असतात. जमिनीचा, भूखंडाचा प्रश्न असेल तर बेलापूरचं सिडको भवन. महसूल किंवा पुनर्वसनाचं काही अडलं तर कोकण भवन. पाणी येत नाही, गटार तुंबलं, तर महापालिका. आणि इथे सगळीकडे हात टेकले की मंत्रालय, म्हणजे प्रत्यक्षात आझाद मैदान. लहानपणापासून मी हे मोर्चे बघत आलो आहे. फडक्यात भाकरी बांधून आलेल्या आगरी-कोळी बायका, पुढे बॅनर धरलेली पोरं, गेटवर पोलीस. मग आतून निरोप यायचा, पाच जणांचं शिष्टमंडळ वर जायचं आणि निवेदनाच्या प्रतीवर पोच घेऊन खाली यायचं. कधी काम व्हायचं, बऱ्याचदा लटकायचं. पण जाब कुणाला विचारायचा, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसायची.

मागच्या पावसाळ्यात ही शंका आमच्या घरात आली. माझा भाचा घणसोलीत राहतो. बारावीनंतर दोन ठिकाणी धडपडला आणि शेवटी डिलिव्हरीच्या कामाला लागला. दोन वर्षं गाडी चालवली, रेटिंग चांगलं होतं. एका सकाळी ॲप उघडलं तर आयडी ब्लॉक. स्क्रीनवर एकच ओळ, अटींचा भंग झाल्यामुळे खातं बंद करण्यात येत आहे. कुठली अट, कुठली ऑर्डर, तक्रार कुणाची, काही नाही. त्याने सपोर्टला चॅट केलं. दोन तासांनी उत्तर आलं की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. टीएलला, म्हणजे टीम लीडरला, फोन केला. तो म्हणाला, माझ्या हातात काही नाही भावा, सिस्टीमने केलंय. ऑफिस आहे असं कळलं तिथे गेला, तर वॉचमनने लिफ्टपर्यंतही जाऊ दिलं नाही. त्या आठवड्याचे पैसे खात्यात अडकलेले होते.

रात्री तो आमच्याकडे कोपरखैरण्याला आला. माझे वडील, त्यांना सगळे आबाच म्हणतात, कॉटवर बसून ऐकत होते. आबांचं सगळं आयुष्य माथाडीत गेलं. आधी मुंबईत मसजिद बंदर, मग घाऊक बाजार वाशीला आला तसे तेही इकडे आले. गोण्या वाहून मानेखाली आलेला घट्टा अजून हाताला लागतो. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"ते राहू दे. मुकादम कोण तुझा?"

"आबा, आमच्यात मुकादम नसतो. ॲप असतं."

"मग ॲपचा मालक?"

भाच्याला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

बहुराष्ट्रीय कंपन्यांचा जगाच्या कारभारातला वाटा, असा विषय काढला की आपल्याकडे दोन प्रकारची भाषणं ऐकू येतात. एकात कंपनी म्हणजे नवी ईस्ट इंडिया कंपनी. दुसऱ्यात कंपनी म्हणजे गुंतवणूक, रोजगार, विकास. मला दोन्ही पुरेशी वाटत नाहीत, कारण आबांच्या प्रश्नाला दोन्हींत उत्तर नाही. नियम करणं, दंड करणं, दार उघडणं आणि बंद करणं, ही एके काळी सरकारची समजली जाणारी कामं आज मोठ्या कंपन्या करतात. सरकारला निदान पाच वर्षांनी मतं मागायला यावं लागतं, माहिती अधिकारात उत्तर द्यावं लागतं, कोर्टात उभं राहावं लागतं. कंपनीकडे सत्ता आली, पण तिचा पत्ता आपल्याला मिळाला नाही. हा पत्ता आपोआप मिळत नसतो. तो कायद्याने ठरवून घ्यावा लागतो, आणि तसा तो घेता येतो. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

न्हावा-शेवा बंदराचंच बघा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींना मिळणारा भाव शेतकऱ्यांना मान्य नव्हता आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते रस्त्यावर उतरले होते. त्या रक्तातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. किती जणांना ते वेळेवर मिळालं, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण लढाई कुणाशी आहे हे जासईच्या शेतकऱ्याला ठाऊक होतं. समोर सरकार होतं, ते बोलायला भाग पडलं.

१९८९ मध्ये बंदर सुरू झालं तेव्हा ते सरकारी होतं. दहा वर्षांत तिथे खासगी टर्मिनल आलं. आज बंदर प्रशासन मुख्यतः जागेचं मालक आहे आणि टर्मिनल चालवणारे वेगळे आहेत. दुबईची डीपी वर्ल्ड आहे, डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स आहे, सिंगापूरची पीएसए आहे. यात वाईट काही नाही. क्रेन वेगाने चालतात, जहाजं पूर्वीसारखी दिवसेंदिवस खोळंबून राहत नाहीत. २०२४-२५ मध्ये या बंदराने ७० लाखांहून जास्त टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने तेवढा माल, हाताळला.

मग २७ जून २०१७ चा दिवस आठवा. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून शिरलेला नॉटपेट्या नावाचा व्हायरस मर्स्कच्या जगभरच्या कॉम्प्युटरांत पसरला, आणि उरण तालुक्यातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. हल्ला रशियाच्या लष्कराने केला असं पुढे अमेरिका आणि ब्रिटनने जाहीर केलं. म्हणजे भांडण रशिया-युक्रेनचं, कंपनी डॅनिश आणि अडकलेला माल आपला. मर्स्क इथे गुन्हेगार नव्हती. तिचं स्वतःचं २० ते ३० कोटी डॉलरचं नुकसान झालं आणि दहा दिवसांत तिने ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. सगळी यंत्रणा पुन्हा जोडायला लागणारी माहिती शाबूत सापडली ती घानातल्या एका ऑफिसात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. मला यात कंपनीचा दोष दाखवायचा नाही. पण आपल्या आयात-निर्यातीचं दार कधी उघडणार, हे त्या आठवड्यात ना उरणच्या तहसीलदाराला ठाऊक होतं, ना बंदर प्रशासनाला, ना दिल्लीला. सार्वजनिक दाराची किल्ली खासगी खिशात असते तेव्हा किल्ली हरवल्यावर काय करायचं, हे करारात आधी लिहून घ्यावं लागतं.

दुसरा प्रसंग जुलै २०२५ चा आणि तो जास्त गंभीर आहे, कारण तिथे दार चुकून बंद झालं नव्हतं. गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जीची मोठी रिफायनरी आहे. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा आहे. १८ जुलैला युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. भारत सरकारने घातले नव्हते, संयुक्त राष्ट्रांनीही नाही. तरी काही दिवसांत अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि सुनावणीआधी सेवा पुन्हा सुरू झाल्या. रशियन तेल घ्यावं की नाही यावर माझं जे काही मत असेल ते असो. भारतात नोंदलेल्या, भारतात पेट्रोल विकणाऱ्या कंपनीची यंत्रणा भारतीय कायद्याचा एकही कागद न हलता बंद पडू शकते, हे आपण पाहिलं. उद्या हे एखाद्या इस्पितळाचं, महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचं किंवा बँकेचं झालं तर? ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती रोज वाढताना दिसतात. माझ्या भाच्याचा आयडी ज्या सर्व्हरवर बंद झाला तो कदाचित त्याच्या घरापासून पाच किलोमीटरवर असेलही. पण अंतर कमी झाल्याने अधिकार जवळ येत नाही.

हे सगळं आभाळातून पडलेलं नाही. जगाचे नियम लिहिण्यात कंपन्या किती खोलवर असतात, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण औषधांचं आहे, आणि त्याचे धागे आमच्याच रस्त्यांवर सापडतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याला फायझरचा कारखाना बरीच वर्षं होता. कोलशेतला बायरचा होता, आणि बायरचं भारतातलं मुख्य कार्यालय आजही ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला आहे.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे आपल्या कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवत आणि स्वस्तात विकत. हे ज्यांना खुपत होतं त्यांनी वाट शोधली. फायझरचे तेव्हाचे अध्यक्ष एडमंड प्रॅट आणि आयबीएमचे प्रमुख यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये अमेरिकी कंपन्यांची एक समिती उभी राहिली. व्यापाराच्या वाटाघाटींत बौद्धिक संपदेचा विषय आणायचा, यासाठी या समितीने अमेरिकी सरकारमागे लकडा लावला आणि युरोप-जपानच्या उद्योगांनाही बरोबर घेतलं. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हा तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार आला. आपण सही केली, आणि १ जानेवारी २००५ पासून औषधांवर पूर्ण पेटंट द्यायला लागलो. कराराच्या टेबलावर बसले होते देशांचे प्रतिनिधी, पण मसुद्याची बीजं कंपन्यांच्या बैठकीत पेरली गेली होती.

इथपर्यंतची गोष्ट निराश करणारी आहे, पण ती इथे थांबली नाही. आपल्या संसदेने २००५ मध्ये कायदा बदलताना पेटंट कायद्यातली काही दारं शाबूत ठेवली. त्यातलं एक म्हणजे कलम ८४, सक्तीचा परवाना. पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि औषध लोकांना पुरेसं मिळत नसेल, परवडत नसेल किंवा भारतात बनत नसेल, तर सरकार दुसऱ्या कंपनीला ते बनवायची मुभा देऊ शकतं. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं बायरचं नेक्साव्हर हे औषध तेव्हा महिन्याला २,८०,४२८ रुपयांना पडत होतं. हैदराबादच्या नॅटको फार्माने अर्ज केला की आम्ही ते ८,८८० रुपयांत देतो. ९ मार्च २०१२ ला पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून निकाल दिला. तिन्ही कसोट्यांवर बायर कमी पडली होती. नॅटकोला परवाना मिळाला, बायरला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वधन. बायर अपिलात गेली. अपील मंडळाने स्वामित्वधन सात टक्के केलं, पण परवाना कायम ठेवला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला.

या प्रकरणात मला जिव्हाळा वाटतो तो त्याच्या साधेपणाचा. कुणी कारखान्यावर दगड मारले नाहीत, कुणी कंपनीला देशाबाहेर जायला सांगितलं नाही. बायर आजही ठाण्यात आहे आणि असावी. एका सरकारी अधिकाऱ्याने कायद्याचं पुस्तक उघडलं, दोन्ही बाजूंना बोलावलं, हिशेब मागितला आणि लेखी कारणं देऊन निर्णय केला. पेटंट अमेरिकेतल्या बायर कॉर्पोरेशनच्या नावावर होतं. तरी तिला अँटॉप हिलच्या कचेरीत येऊन, महिन्याला पावणेतीन लाख का, याचं उत्तर द्यावं लागलं. पत्ता ठरवून घेणं म्हणतो ते हेच. कर्करोगाच्या औषधांची चिठ्ठी हातात घेऊन मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाला पावणेतीन लाख आणि नऊ हजार यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या आकड्याला तो घर गाठतो आणि चिठ्ठी देवाजवळ ठेवतो. दुसऱ्या आकड्याला तो कर्ज काढतो, पण औषध घेतो.

त्यानंतर अमेरिकेच्या व्यापार कार्यालयाने आपल्या वार्षिक अहवालांत भारतावर सतत टीका केली, आणि पुढच्या काही वर्षांत आलेले दोन अर्ज आपल्या पेटंट कार्यालयाने फेटाळले. दार कायद्यात आहे, पण ते वापरायचं धैर्य आटलेलं दिसतं. ही खंत मला कंपन्यांबद्दल कमी आणि आपल्या सरकारांबद्दल जास्त आहे.

पत्ता निसटला की काय होतं ते आपण भोपाळला भोगलं. डिसेंबर १९८४ च्या त्या वायुगळतीच्या रात्रीनंतर खटला अमेरिकेत चालवावा अशी भारत सरकारची मागणी होती. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो भारतात पाठवला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. युनियन कार्बाइडचे अध्यक्ष वॉरन अँडरसन इथल्या न्यायालयात कधीच उभे राहिले नाहीत. २००१ मध्ये कंपनी डाऊने विकत घेतली आणि जबाबदारी आमच्याकडे येत नाही असं सांगितलं. २०२३ मध्ये वाढीव भरपाईची सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. चाळीस वर्षं तिथल्या बायका मोर्चे काढत आहेत, आणि दर वेळी समोरच्या दारावरची पाटी बदललेली असते.

याच्या उलट बाजूला बघा. कंपनीला मात्र देशाचा पत्ता नीट ठाऊक असतो. गुंतवणूक संरक्षणाच्या करारांमुळे कंपनी एखाद्या देशाला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकते. सिगारेटच्या पाकिटाच्या ८० टक्के भागावर धोक्याचा इशारा छापायला लावला म्हणून फिलिप मॉरिसने उरुग्वेला २०१० मध्ये लवादात ओढलं. पस्तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येचा तो देश सहा वर्षं लढला आणि जिंकला. पण सहा वर्षं लढावं लागलं. भारतालाही व्हाइट इंडस्ट्रीज, व्होडाफोन, केर्न यांच्या प्रकरणांत हे अनुभव आले. त्यातल्या पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासून लावलेल्या, कराच्या बाबतीत आपलंही चुकलं होतं, आणि २०२१ मध्ये आपण तो कायदा मागे घेतला ते बरंच झालं. मात्र ज्या गावाचं पाणी कंपनीने नासवलं त्या गावासाठी असा कुठलाच लवाद नाही. कंपनीला देशाविरुद्ध दार उघडं आणि माणसाला कंपनीविरुद्ध बंद, असा आजच्या जागतिक कारभाराचा नकाशा आहे. तो माणसांनीच काढला आहे, त्यामुळे बदलताही येतो.

बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. डिसेंबर १९७२ मध्ये चिलीचे अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आयटीटी या अमेरिकी कंपनीचं नाव घेऊन सांगितलं की ती आमच्या देशाच्या राजकारणात ढवळाढवळ करते आहे. पुढच्या वर्षी त्यांचं सरकार लष्कराने उलथवलं. संयुक्त राष्ट्रांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी खास केंद्र उभारलं, आचारसंहितेचा मसुदा सुरू केला. पंधराएक वर्षं चर्चा झाली आणि १९९२ मध्ये मसुदा गुंडाळला गेला. २००० मध्ये त्याच्या जागी ग्लोबल कॉम्पॅक्ट आला, ज्यात कंपन्या स्वेच्छेने चांगलं वागायचं वचन देतात. २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. तीही बंधनकारक नाहीत. वचन मोडलं तर शिक्षा कोण करणार, हे कुठेच लिहिलेलं नाही.

जून २०१४ मध्ये इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिकेने मानवी हक्क परिषदेत ठराव आणला की बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी बंधनकारक करार करू या. बाजूने २० मतं पडली, विरोधात १४, तटस्थ १३. अमेरिका आणि युरोपीय देश विरोधात गेले. भारताने बाजूने मत दिलं. आपल्या वर्तमानपत्रांत याला किती जागा मिळाली असेल याची कल्पना करता येते, पण मला त्या मताचा अभिमान वाटतो. तेव्हापासून जिनिव्हात मसुद्यावर चर्चा चालू आहे आणि ती अतिशय संथ आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. टीटीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक, पट्ट्यात ज्याच्या बापाला परदेशी कंपनीत पर्मनंट नोकरी होती त्याच्या घरात पहिला फ्रीज आला, मुलं इंजिनियर झाली. कॅन्टीन, युनियन, ग्रॅच्युइटी, सुरक्षेचे बूट या गोष्टी अनेकांनी पहिल्यांदा तिथेच पाहिल्या. नाल्यात रसायन सोडणारे सगळे परदेशी नव्हते. कितीतरी आपलेच होते, शेजारच्या गल्लीतले. आणि आपल्या कंपन्याही आता बहुराष्ट्रीय आहेत. झांबियातल्या चिंगोला भागात कोंकोला या तांब्याच्या खाणीमुळे नदीचं पाणी दूषित झालं असा तिथल्या गावकऱ्यांचा दावा होता. खाणीची मालक होती लंडनमध्ये मुख्यालय असलेली वेदांता, म्हणजे मूळ आपल्याकडच्याच उद्योगपतीची. अठराशेहून जास्त गावकरी लंडनच्या न्यायालयात गेले. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आफ्रिकेतल्या उपकंपनीच्या कामासाठी मूळ कंपनीविरुद्ध ब्रिटनमध्ये दावा चालू शकतो. पुढे कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली. झांबियाच्या शेतकऱ्याला मोर्चा न्यायला शेवटी एक दार सापडलं. ते भारतीय उद्योगपतीच्या कंपनीचं होतं याचं मला वाईट वाटत नाही. नियम सगळ्यांना सारखा असेल तरच तो नियम. परदेशी कंपनीवर मागायचा आणि आपल्या कंपनीला वाचवायचा, असा दुटप्पीपणा केला तर जिनिव्हात आपलं कुणी ऐकणार नाही.

आता आबांच्या मुकादमाकडे परत येतो, कारण उत्तराचा मोठा भाग तिथे आहे.

माथाडी कामगाराचा प्रश्न काय होता? तो सकाळी एका गाळ्यावर गोणी उतरवायचा, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. प्रत्येक व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही. मग प्रॉव्हिडंट फंड कुणी भरायचा? रजा कुणी द्यायची? गोणीखाली पाय मोडला तर इस्पितळात कुणी न्यायचं? आज ॲपवाली कंपनी हेच म्हणते. हा आमचा कामगार नाही, भागीदार आहे. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्हालाबी हेच सांगायचे शेट. कामगार न्हाईस तू, हमाल हाईस."

अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने यावर १९६९ मध्ये जो तोडगा काढला तो मला जगाला दाखवण्यासारखा वाटतो. मालक कोण, यावर वर्षानुवर्षं वाद घालत बसण्याऐवजी कायद्याने मंडळच उभं केलं. त्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानेही नोंद करायची, कामगारानेही. मजुरी बोर्डात भरायची आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. कुणाच्याही गाळ्यावर काम केलेलं असो, हिशेब बोर्डात. कामगारांच्या टोळीचा वाद असेल तर मुकादम बोर्डात जाणार. पुढे या व्यवस्थेत दादागिरी शिरली, बोगस टोळ्या शिरल्या, हे बाजारात फिरणारा कुणीही सांगेल आणि ते खरं आहे. ते साफ व्हायला हवं. पण कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतीत निरक्षर हमालांची घरं उभी राहिली ती याच कायद्यामुळे, आणि त्यातल्या एका घरात बसून मी हे लिहितो आहे.

जे वाशीच्या बाजारात जमलं ते ॲपच्या बाबतीत का जमू नये? राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी पहिला कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये केला, आणि त्यात कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना देण्याचं बंधन आहे. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीत द्यायची आहे. निधी हवाच. पण माझ्या भाच्याला निधीच्या आधी माणूस हवा होता, जो त्याला सांगेल की तुझं काय चुकलं आणि तुझी बाजू ऐकून घेईल. ज्या महाराष्ट्राने माथाडी कायदा देशाला दिला त्याने इथे शेजाऱ्यांच्या मागे राहू नये. आयडी बंद करण्याआधी लेखी कारण, पंधरा दिवसांत माणसासमोर सुनावणी, आणि कंपनी, कामगार, सरकार तिघांचं बोर्ड, जिल्ह्याच्या ठिकाणी, पायऱ्या चढून जाता येईल असं. एवढं विधिमंडळाला एका अधिवेशनात करता येईल.

आणि हाच साचा वरपर्यंत नेता येतो. बंदराच्या टर्मिनलशी करार करताना यंत्रणा बंद पडली तर पर्यायी व्यवस्था आणि भरपाई कुणी द्यायची हे लिहून घेणं. अत्यावश्यक सेवांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या देशाच्या निर्बंधावरून सेवा तोडण्याआधी भारतीय न्यायालयाची परवानगी घ्यावी असा कायदा. पेटंट कायद्यातलं कलम ८४ गरज पडेल तिथे न घाबरता वापरणं. जिनिव्हातल्या मसुद्यात मूळ कंपनीवर तिच्या देशात दावा करता येण्याचं कलम टिकावं यासाठी भारताने मागच्या बाकावरून उठून पुढे बसणं. ठाण्याच्या आणि रायगडच्या खासदारांना या करारावर भारताची भूमिका काय, असा प्रश्न लोकसभेत विचारता येतो. आपण तो त्यांना विचारायला लावला पाहिजे. परराष्ट्र धोरण म्हणजे आपलं काम नाही असं मानलं तर बंदरही आपलं नाही, औषधही नाही आणि पोराची नोकरीही नाही.

मतदानाला चार पिढ्या झाल्या तरी सरकारी कचेरीत आपलं कुणी ऐकत नाही, मग कंपनी काय ऐकणार, असं माझे काही मित्र म्हणतात. मला हे पटत नाही. सरकारी कचेरीत ऐकलं जात नाही तेव्हा आपण चिडतो, कारण ऐकणं हे तिचं काम आहे हे आपल्याला माहीत आहे. ती चीड हक्कातून येते. कंपनीच्या बाबतीत आपण अजून चिडायलाही लागलेलो नाही. आपण फक्त ॲप बंद करून पुन्हा उघडून बघतो.

भाचा सध्या दुसऱ्या ॲपवर आहे. आठ-नऊ तास पुरत नाहीत, म्हणून बारा तास गाडीवर असतो. जुन्या आयडीवरचे त्या आठवड्याचे पैसे अजून मिळालेले नाहीत. आबा अधूनमधून विचारतात, "अर्ज केलास का रे?" अर्ज लिहून तयार आहे, मीच लिहून दिला. वर डाव्या बाजूला 'प्रति' लिहिलं आहे आणि त्याखालची ओळ कोरी आहे.